फाइन : एका इंग्रजी शब्दाचा हिशोब
(कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत ते एका शब्दाबद्दल बोलायला. शब्द इंग्रजी आहे, पण तुमच्या-आमच्या तोंडी रोज येतो. तो म्हणजे फाइन. इथे बसलेल्यांपैकी हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही, असा एकही गडी नसेल. आणि ज्याने तो कधी भरला नाही, असेही फार थोडे असतील.

आम्ही काही मास्तर नाही. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा साच्यावर झाली. पण साच्यावर उभं राहिलं की माणूस न शिकवताच इंग्रजी शिकतो. बॉबिन, बीम, शिफ्ट, जॉबर, फोल्डिंग, डिस्चार्ज. यातला कुठला शब्द तुम्ही पुस्तकातून शिकलात? पोटातून शिकलात. मात्र पोटातून शिकलेल्या शब्दाचा एक धोका असतो. तो आपल्याला ऐकू येतो तसा कळतो, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे तसा कळत नाही. त्यापायी काय घडलं, ते आधी सांगतो.

गोष्ट दिवाळीच्या आधीची. आमच्या साचेखात्यात एक तरुण गडी नवीन लागलेला. हात चांगला, डोळा चांगला, फक्त बोलायला बुजरा. एका मंगळवारी बाहेरचे व्यापारी गिरणी बघायला आले. मास्तर त्यांना घेऊन ओळीतून फिरत होते. ते नेमके आमच्या या गड्याच्या साच्यापाशी थांबले. एका व्यापाऱ्याने कापड दोन बोटांत धरलं, चोळलं, उजेडाकडे करून पाहिलं आणि म्हणाला, "फाइन! व्हेरी फाइन!" मास्तरांनी मान डोलावली. गड्याची छाती दोन इंच फुगली.

पुढे पगार झाला. पगाराच्या चिठ्ठीवर सगळं इंग्रजीत. गडी एकेक अक्षर लावून वाचतो, तर मध्येच ओळखीचा शब्द. फाइन. आणि पुढे आकडा, ५००. झालं! गड्याने तिथूनच घरी फोन लावला. साहेबांनी काम पाहिलं, फाइन म्हणाले, आणि वर पाचशे रुपये दिले! वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "बक्षीस मिळालं, तर मग पैसे कमी कसे आले?"

तुम्ही हसता. आम्हीही हसलो. चहाच्या टपरीवर दोन दिवस तेच चाललं होतं, त्या गड्याला जो भेटेल तो "काय, फाइन का?" म्हणून विचारी. पण नंतर आम्ही मनाशी विचार केला, की तो एकटा फसला ते त्याने शब्द वाचला म्हणून. आम्ही बाकीचे फसलो नाही, कारण आम्ही वाचतच नाही. हातात आलेले पैसे मोजतो, कमी वाटले तर कपाळावर हात मारतो आणि घरी जातो. मग शहाणा कोण?

तेव्हापासून आम्ही या शब्दाच्या मागे लागलो. युनियनच्या वकिलांना विचारलं, एका शाळामास्तरांना विचारलं, त्यांच्याकडची पुस्तकं उघडायला लावली. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

इंग्रज माणूस हा शब्द पावलोपावली वापरतो. "कसे आहात?" म्हणून विचारलं की "फाइन" म्हणतो, म्हणजे बरा आहे. ऊन स्वच्छ पडलं, पाऊस थांबला, की हवा फाइन. पीठ बारीक दळलं तर फाइन. चित्रकला, शिल्पकला यांना फाइन आर्ट म्हणतात; आपण ललितकला म्हणतो. करारनाम्याच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अटी छापतात, ती फाइन प्रिंट. ज्यांनी हप्त्याने वस्तू घेतली आहे त्यांना ती चांगली ठाऊक आहे. आणखी एक गंमत अशी, की चहा पुढे केला आणि इंग्रज "आय ॲम फाइन" म्हणाला, तर चहाला चांगला म्हणतोय असं समजू नका. तो 'नको' म्हणतोय. कुणी काम बिघडवून ठेवलं तरी तो "फाइन!" म्हणतो, आपण "छान दिवे लावलेस!" म्हणतो तसं. म्हणजे शब्द एक आणि सूर सतरा. सूर ओळखता आला नाही, तर शब्द कळून उपयोग नाही.

आता गिरणीत या. गिरणीत फाइन म्हणजे तलम. जाडंभरडं कापड वेगळं, मध्यम वेगळं, फाइन वेगळं, आणि त्याच्याही वर सुपरफाइन. हे कशावरून ठरतं ते तुम्हांला आम्ही काय सांगावं? सुताच्या नंबरावरून. तरी इथे माता-भगिनी आणि पोरं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. एका रत्तल सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचं एक रत्तल सूत उलगडलं, तर १६,८०० वार लांब होतं. ८० नंबरचं उलगडलं, तर ६७,२०० वार. म्हणजे ३८ मैलांच्या वर! बोरीबंदरला एक टोक बांधलं आणि रुळाच्या कडेकडेने निघालं, तर दुसरं टोक कल्याणच्याही पुढे जाईल. वजन मात्र तेच, एक रत्तल.

एवढा लांब ताणलेला दोरा किती बारीक असेल! अंगावर घेतला तर मऊ, डोळ्यांना सुंदर, दुकानात भाव चढा. पण साच्यावर? साच्यावर तो विणकराचा जीव घेतो. हवा जराशी कोरडी झाली की तुटतो. कापूस आखूड धाग्याचा मिसळला असेल तर तुटतो. ताण्याला खळ नीट लागली नसेल तर तुटतो. एक दोरा तुटला, तो दिसेपर्यंत चार बोटं कापड पुढे गेलं, की दोष पडला. फोल्डिंग खात्यात तो दोष टेबलावर येतो, तिथून कारकुनाच्या वहीत जातो, आणि वहीतून आपल्या चिठ्ठीवर. कापूस विकत घेणारा दुसरा, मिसळणारा दुसरा, खळ लावणारा दुसरा, हवेत ओल ठेवणारा दुसरा. पण कापडावर शेवटचा हात विणकराचा, म्हणून पैसे त्याचे कापायचे. सूत जितकं फाइन, तितका फाइन जास्त! आमच्या त्या गड्याचं असंच झालं. व्यापाऱ्याने ज्या कापडाला मंगळवारी फाइन म्हटलं, त्याच मापाच्या कापडावर शुक्रवारी त्याला फाइन लागला.

मग आम्हांला प्रश्न पडला. स्तुतीला आणि शिक्षेला इंग्रजांनी एकच शब्द का ठेवला? त्यांच्याकडे शब्दांचा दुष्काळ होता काय? आमच्या मराठीत बघा. कापड तलम, तांदूळ बारीक, नक्षी नाजूक, गाणं झकास, तब्येत ठीक, आणि शिक्षा झाली तर दंड. सगळे शब्द वेगवेगळे. घोटाळा व्हायला जागाच नाही.

शाळामास्तरांनी उलगडा केला तो असा. हे दोन्ही शब्द एकाच आईची लेकरं. लॅटिन नावाची जुनी भाषा आहे, तिच्यात 'फिनिस' म्हणजे शेवट, हद्द, सीमा. आपल्या गिरणीतलं फिनिशिंग खातं त्याच घराण्यातलं, कुस्तीची फायनलही त्यातलीच. जी वस्तू शेवटाला नेली, पूर्णत्वाला नेली, जिच्यात आणखी काही करायचं राहिलं नाही, ती फाइन. आणि जो पैसा देऊन भांडणाचा शेवट केला, तो पैसाही फाइन. पैसे दिले, मामला मिटला, आता पुढे बोलायचं नाही. पैशाच्या उलाढालीला फायनान्स म्हणतात, तो शब्दही याच वाटेने आला आहे. देणं चुकतं करून मोकळं व्हायचं, हा त्याचा मूळ अर्थ.

यापुढचं ऐका, कारण आम्हांला सगळ्यांत नवल याचं वाटलं. जुन्या इंग्लंडात जमिनीच्या वादात कोर्टापुढे जो तह होई, त्यालाही फाइन म्हणत. इ. स. ११९५ पासून असा रिवाज पडला, की हा तह एकाच कातड्यावर तीनदा लिहायचा आणि मग वाकडीतिकडी नागमोडी कात्री मारून त्याचे तीन तुकडे करायचे. एक तुकडा एका पक्षाला, दुसरा दुसऱ्या पक्षाला, आणि खालचा तिसरा कोर्टाच्या दप्तरात. उद्या कुणी खोटा कागद आणला, तर त्याची कड बाकीच्या कडांशी जुळणार नाही, लबाडी लगेच उघडी पडेल. म्हणजे बघा, आठशे वर्षांपूर्वी फाइन म्हणजे दोन पक्षांनी मिळून केलेला तह होता, दोघांच्याही हातात त्याची प्रत होती, आणि प्रत खरी की खोटी हे बघायची सोयही होती.

तो शब्द गिरणीच्या फाटकातून आत आला तेव्हा त्याचे हे सगळे गुण बाहेरच राहिले. दोन पक्ष गेले, एकच राहिला. प्रत गेली. तह गेला, हुकूम राहिला. आणि जो 'शेवट' म्हणून मिरवत होता, त्याला शेवटच उरला नाही. या महिन्यात फाइन, पुढच्या महिन्यात फाइन, तिसऱ्या महिन्यात "याचे फाइन फार झाले" म्हणून डिस्चार्ज. असा फाइन कसल्या मामल्याचा शेवट करतो? माणसाच्या नोकरीचा करतो!

आपला मराठी शब्द तरी सरळ आहे. दंड म्हणजे काठी. दंड म्हणजे बाहू. दंड-बैठकांतला दंडही तोच. ज्याच्या दंडात बळ त्याच्या हातात दंड, आणि ज्याच्या पाठीवर तो बसला त्याने दंड भरायचा. लपवाछपवी नाही. पेशवाईच्या कागदांत तर दंडाच्या रकमेलाच 'गुन्हेगारी' म्हणत. घेणाऱ्यालाही ठाऊक आणि देणाऱ्यालाही, की हे गुन्ह्याचे पैसे आहेत. आमच्या चिठ्ठीवर 'दंड ५००' असं छापलेलं असतं, तर त्या गड्याने घरी आनंदाने फोन केला असता काय?

कुणी म्हणेल, हे दुःख आपल्याच वाट्याला आलं. तसं नाही. ज्यांची ही भाषा, त्यांच्या घरीही या शब्दाने रडवलं आहे. १८८८ साली लंडन शहरात ब्रायंट अँड मे नावाचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. कामाला बहुतेक पोरी आणि बाया. पाय मळलेले दिसले, फाइन. बाकाखालची जागा नीट नाही, फाइन. जळकी काडी बाकावर राहिली, तर एक शिलिंग फाइन. त्यांच्यातल्या कोवळ्या पोरींना अख्ख्या आठवड्याचे चार शिलिंग मिळत, हे ध्यानात घ्या. एका मुलीची बोटं यंत्रात सापडत होती. ती वाचवायला गेली, त्यात यंत्राला गुंडाळा बसला. तिला शिलिंगभर फाइन झाला, आणि वर ऐकवलं की यंत्र सांभाळ, बोटांचं राहू दे. हे सगळं ज्या बाईंनी छापून जगापुढे आणलं, त्यांचं नाव ॲनी बेझंट. होय, त्याच. पुढे हिंदुस्थानात येऊन ज्यांनी होमरूलची चळवळ केली आणि १९१७ साली ज्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, त्याच बाई. त्या लेखानंतर महिन्याच्या आत सुमारे १४०० कामगार बाया-पोरी कामावरून बाहेर पडल्या. मालकाला नमतं घ्यावं लागलं. तडजोडीत पहिली गोष्ट झाली ती ही, की फाइन बंद. इंग्रजी त्यांची मायबोली होती. शब्द त्यांना कळत होता, तरी संप करावा लागला. मग ज्यांना तो शब्दही कळत नव्हता, त्यांचं काय झालं असेल?

त्यांचं काय झालं, ते मुंबईच्या जुन्या गिरणगावाला विचारा. तिथे फाइनच्याही पुढची एक रीत होती. साच्यावर कापड खराब झालं, की ते विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची. विणकर ते कापड घेऊन बाजारात जाई आणि येईल त्या भावाने फुंकून टाकी. स्वतः विणायचं, स्वतःच विकत घ्यायचं आणि स्वतःच तोट्यात विकायचं. एका माणसाच्या अंगावर तीन धंदे! म्हातारे कामगार हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढत असे.

या कापाकापीच्या तक्रारी वाढत गेल्या. १९२९ साली मजुरांची स्थिती पाहायला व्हिटली साहेबांचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. १९३१ साली त्याचा अहवाल आला आणि त्यात फाइनला लगाम घाला असं सांगितलं गेलं. त्यातून १९३६ साली पगार देण्याबाबतचा कायदा झाला. १९३७ च्या मार्चमध्ये तो लागू झाला. या कायद्याने फाइनला त्याची हद्द परत दिली. महिन्याच्या पगारावर रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त फाइन घ्यायचा नाही. कोणत्या चुकीला फाइन, त्याची यादी आधी सरकारकडून मंजूर करून घ्यायची आणि कामावर लावायची. यादीत नसलेल्या गोष्टीला फाइन नाही. पंधरा वर्षांखालच्या पोराला फाइन नाही. माणसाला आपली बाजू सांगायची संधी दिल्याशिवाय फाइन नाही. हप्त्याहप्त्याने फाइन नाही. प्रत्येक फाइन वहीत नोंदवायचा. आणि तो पैसा मालकाच्या खिशात नाही, कामगारांच्याच हिताच्या कामाला लावायचा.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, आणि आमच्या मते ते सगळ्यांत मोलाचं. कायद्याचा गोषवारा कारखान्यात लावायचा तो इंग्रजीत, आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेत. साहेबाच्या राज्यात, साहेबाच्या कायद्यात हे लिहिलं गेलं! १ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं, १९६४ साली राज्यकारभाराच्या भाषेचा कायदा झाला. इतकं सगळं होऊनही कामगाराच्या हातातली चिठ्ठी जर इंग्रजीतच बोलत असेल, तर भाषेचं राज्य फाटकापर्यंत आलं आणि पास नाही म्हणून बाहेरच थांबलं, असंच म्हणायचं.

आता तो १९३६ चा कायदा स्वतंत्र राहिलेला नाही. २०१९ साली झालेल्या वेतन संहितेत तो सामील केला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. (२१ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. १९५५ साली त्याच दिवशी फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या. असो.) संहितेचं बरंवाईट हा वेगळ्या सभेचा विषय. पण फाइनच्या बाबतीत हद्द कायम आहे. एका पगाराच्या मुदतीत त्या पगाराच्या शंभरामागे तीन रुपयांपर्यंत. रुपयामागे अर्धा आणा म्हणजे हिशोबाने साधारण तेवढंच होतं. ऐकून घेतल्याशिवाय नाही, हप्त्याने नाही, वहीत नोंद हवी, पैसा कामगारांच्या कामी लागला पाहिजे, हे सारं तसंच आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे हापीसात गेल्यावर गडबड होणार नाही. प्रत्येक कपात फाइन नसते. गैरहजेरीचे पैसे कापले, तो फाइन नाही. तुमच्या ताब्यात सांभाळायला दिलेला माल तुमच्या हलगर्जीने गेला, त्याची भरपाई कापली, तोही फाइन नाही. पण त्यातही नुकसानाहून जास्त कापता येत नाही आणि तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणून "पैसे का कापले?" असं मोघम विचारू नका. चिठ्ठीवर बोट ठेवा आणि विचारा, हा आकडा कोणत्या नावाखाली?

आम्ही तेच केलं. त्या गड्याला घेऊन चौघे हापीसात गेलो. कारकून भला माणूस, त्याने बसायला सांगितलं. आम्ही म्हटलं, बसायचं नाही, फाइनची वही बघायची आहे. तो जरा थबकला. अशी वही आहे हे या लोकांना कुणी सांगितलं, असं त्याच्या तोंडावर दिसलं. पण वही निघाली. गड्याच्या नावापुढे कारण लिहिलेलं, "खराब काम". त्याला विचारल्याची नोंद नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तारीख पाहिली. त्या दिवशी त्या साच्यावर जो बीम चढला होता, त्याची खळ कच्ची आहे हे जॉबरने सकाळीच वर कळवलं होतं. जॉबर आमच्याबरोबर आला नव्हता, पण बोलावल्यावर आला आणि खरं ते बोलला. त्याचे इथे आभार मानतो. मग आम्ही हिशोब मांडला. त्या महिन्याचा पगार ११,०००. शंभराला तीन म्हणजे ३३०. कापले ५००. चूक त्याची असती, तरीही १७० रुपये वरचे झाले.

मास्तर सुरुवातीला तापले. म्हणाले, पाचशे रुपयांसाठी चार माणसं काम सोडून आली? आमच्यातला एक म्हातारा विणकर शांतपणे म्हणाला, "साहेब, काम सोडून नाही, पाळी संपवून आलो. आणि पाचशेसाठी नाही, विचारल्याशिवाय कापले म्हणून आलो." त्यावर मास्तर काही बोलले नाहीत. वही मिटली.

पुढच्या पगाराला पैसे परत मिळाले. पूर्ण पाचशे. गड्याने यंदा घरी फोन केला नाही. आधी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला, बोटाने एका ओळीवर टेकवून म्हणाला, "दादा, इथे 'रिफंड' लिहिलंय. हे देणं की घेणं?"